सर्व्हर रूमचा उंबरा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि खाली कॉमेंटमध्ये 'ताई, व्हर्जन नीट बघितलं होतं का' असं विचारणाऱ्यांनी पुढं वाचूच नका. बघितलं होतं. त्याच कामाचा पगार घेते मी.

औरंगपुऱ्यात एका बियाण्याच्या होलसेलरच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळते. माहेर पाचोड, सासर हर्सूल. लग्न होऊन आले त्याच महिन्यात सासऱ्यांच्या दुकानाला आग लागली, आणि सासूबाईंनी तोंडावर म्हणून टाकलं — हिचा पायगुण. तो शब्द मी वर्षानुवर्षं ऐकलाय. सणावाराला, पाहुण्यांसमोर, ताटावर बसल्यावर. त्यामुळं कुणी शकुन-अपशकुन काढले की माझं डोकंच फिरतं.

तर... गेल्या उन्हाळ्यात आमच्या बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ते चालत नाही. म्हणून शेठनी कुरकुर करत नवा सर्व्हर घेतला आणि मी त्यावर सॉफ्टवेअर कंपनीनं सांगितली तीच सिस्टीम टाकली. शेठ म्हणाले, सोमवारी दुकान यावर उघडलं पाहिजे, नायतर काम पुण्याच्या एजन्सीला देतो, तुम्ही घरी बसा. घर माझ्याच पगारावर चालतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी सर्व्हर रूममध्ये बसले. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर आधी मशीन तपासतं — सिस्टीम चालण्यासारखी आहे का नाही. उत्तर आलं, 'ही ऑपरेटिंग सिस्टीम सपोर्टेड नाही.' व्हर्जन बघितलं, बरोबर. डिस्क फॉरमॅट करून सगळं नव्यानं टाकलं. परत तेच! सपोर्टच्या फोनवरचा माणूस म्हणतो, मॅडम, रिक्वायरमेंट आधी वाचायची असते. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

दुपारी वैतागून पाणी प्यायला बाहेर गेले. बिलिंगला बसणारी शाइस्ता आतच होती, तिनं सहज परत ट्राय केलं. तिची हाक आली म्हणून पळत आले. तपासणीची पट्टी चक्क पुढं सरकत होती... मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि पट्टी थांबली. सपोर्टेड नाही.

"बाजी, अब्बी चल रा था ना," शाइस्ता म्हणाली.

मी बाहेर गेले — चाललं. आत आले — बंद. वाटलं, मोबाईलमुळं होत असेल. मोबाईल बाहेर ठेवला. मग गळ्यातलं आयकार्ड, बांगड्या, चपला. अनवाणी आत गेले तरी तेच. सगळ्या वायरी बदलल्या. शाइस्ता एकटी बसली तरी चालायचं, शेठ आत येऊन उभे राहिले तरी चालायचं. फक्त मी नको!

शेठ सगळं बघत होते. ते काय बोलणार हे मला त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"राग मानू नका मॅडम," ते म्हणाले, "पण काही बायांचा पायगुणच तसा असतो. तुम्ही बाहेरच थांबा."

अंगाची लाही लाही झाली. पण सोमवार होता ना डोक्यावर... मी जिन्यात बसले, तिथून ओरडून ओरडून शाइस्ताला सगळं सांगितलं, आणि माझं काम तिनं पुरं केलं. रडू आलं मला, रागाचं.

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, झालं का काम? मी मुद्दाम सगळं सांगितलं. शेठचा तो शब्दसुद्धा, त्यांच्या डोळ्यात बघून. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"त्या डबड्याला काय कळतंय," मग त्या म्हणाल्या. "तुझ्या पायानं काय बी होत नाय. तवाबी झालं नव्हतं."

एवढी वर्षं हे ऐकायला थांबले होते मी. आणि ते कानावर पडलं तेव्हा माझाच त्यावर विश्वास बसेना.

सर्व्हर आता नीट चालतो, मी आत गेले तरी. त्या दिवसाच्या नोंदी, सगळे लॉग वाचून काढलेत, त्यात काहीच सापडलं नाही. पुढच्या महिन्यात अपडेट आहे, म्हणजे परत तीच तपासणी. शेठनी आत्ताच सांगून ठेवलंय, त्या दिवशी सुट्टी घ्या. घेणार नाही. खुर्ची ओढून सर्व्हरच्या पुढ्यातच बसणार आहे.