मराठीचा पेपर होईपर्यंत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी वर्तमानपत्र मी रोज वाचतो, आणि कोणी चुकीचं बोललं तर तोंडावर सांगतो. रसग्रहण म्हणजे काय, हे मात्र मला धाकट्या मुलीकडून कळलं.

ती तेव्हा दहावीला होती. आमचं गाव धसईच्या पलीकडं, परीक्षेचं केंद्र मुरबाडला. थोरला मुलगा सैन्यात होता. त्याच वर्षी भातलावणीच्या दिवसांत तो सरहद्दीवर मारला गेला. पेटी आली, साहेब लोक आले, तालुका लोटला. लोक म्हणाले, धन्य तो बाप. मी मान ताठ ठेवून उभा राहिलो. त्याची आई मात्र त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून मोठ्यानं रडायची. आमच्याकडं बाया रडतात तशी, त्याच्या लहानपणच्या एकेक गोष्टी सांगत. शेजारणी येऊन तिच्याजवळ बसायच्या. मी तिला कधी थांबवलं नाही.

मुलीच्या पुस्तकात युद्धाची एक कविता होती. सर म्हणाले होते, यंदा ही येणारच. पोरीनं गाईडातलं रसग्रहण पाठ करायला घेतलं. मोठ्यानं म्हटल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे. सकाळी चुलीजवळ बसून ती घोकायची, "या वीरमातेच्या डोळ्यांत अश्रू नाहीत, अभिमान आहे. या कवितेत वीररस ओतप्रोत भरला आहे." हे म्हणताना ती पुस्तकातून डोकं वर काढत नसे. समोर आई भाकऱ्या थापत असायची.

मी म्हणालो, "बाहेर जाऊन घोक."

बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मला पन ऐकू द्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं ओट्यावर बसणं सोडलं. शेजारणी यायच्या, जरा वेळ थांबायच्या, परत जायच्या. गावात बोलू लागले, बाई धीराची आहे. मलाही आधी बरं वाटलं. मग तिचं जेवण तुटलं. एकदा मी गोठ्यात गेलो, तर ती पदराचा बोळा तोंडात कोंबून खांबाला धरून उभी होती.

"अगो, रड ना मोकळी," मी म्हणालो. "कोन अडवतंय तुला?"

तिनं पदर काढला. "पोरीचा पेपर होऊ द्या. ती तिथं लिवनार, आई रडत नाय म्हनून. आन् मी हितं गळा काढून बसू? खोटं ठरंल तिचं. नापास करतील."

"पेपर तपासनारा कुठं लांब बसलेला असतो. त्याला काय दिसतंय?"

"छापलंय ना ते?" ती म्हणाली. "मग आसंल काय तरी."

छापलेल्यापुढं माझं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. सरांना म्हणालो, "पोरीला दुसरं लिवायला सांगा. आई रडते आसं."

सर वयानं लहान, स्वभावानं चांगला माणूस. "काका, मला कळतंय. पण रस बदलला की मार्क गेले. तिला डी.एड.ला जायचंय ना?"

"गाईड लिवनाऱ्यानं कुठली आई बघितली, तेवढं इचारा त्याला."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला आणि चहा न घेता निघालो.

मराठीच्या पेपराला मी तिला एसटीनं मुरबाडला नेलं आणि फाटकाबाहेर बसून राहिलो. ती बाहेर आली.

"आली?"

"नाय बाबा. दुसरीच आली. पाखरांची."

धसईपर्यंत जीप मिळाली, तिथून चालत घरी आलो.

बायको दारातच उभी होती. "आली का ती?"

पोरीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "आली."

"सगळं लिवलंस? आई रडत नाय, ते पन?"

"ते पन लिवलं."

"मंग झाला ना त्यो पेपर?"

"झाला गो आये."

बायकोनं आम्हांला पाणी दिलं. पोरीला वाढलं, ती जेवेपर्यंत समोर बसली, ताट उचललं, हात धुतले. मग ओट्यावर जाऊन बसली. अजून ऊन होतं, दिवेलागणीला पुष्कळ वेळ होता. तिनं मुलाला हाक मारली आणि रडायला लागली. तो रांगत होता तिथपासून सुरुवात केली. इतक्या दिवसांचं राहिलेलं सगळं होतं. शेजारणी हातातली कामं टाकून आल्या. पोरगी जाऊन तिला चिकटून बसली आणि भावाचं नाव घेऊन तीही रडू लागली. भाऊ गेल्यापासून तिला तसं रडताना मी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडं बाया रडायला बसल्या की पुरुष लांब राहतात. मी अंगणात थोडा वेळ उभा राहिलो. मग ओट्याच्या कडेला जाऊन बसलो. एका शेजारणीनं सरकून जागा दिली.