राजय्याने रंगवलेली भीती

राजय्या पेंटर गेल्या महिन्यात, सोमवारी दुपारी, साखर पेठेतील राहत्या घरी वारला. आठवडाभर ताप होता. थिएटरच्या मालकांचा माणूस छापखान्यात येऊन निरोप सांगून गेला. आमच्या साप्ताहिकात मी ती बातमी तीन ओळींत दिली. ‘प्रसिद्ध’ हा शब्द घालावा की नाही, यावर बराच वेळ गेला. शेवटी घातला. न घालता बातमी बरोबर झाली नसती.

मी बातमीदार. पण पगार पुरेना म्हणून थिएटरच्या जाहिरातींचा मजकूरही लिहून देत असे. राजय्या विणकराच्या घरातला. माग सोडून रंगाकडे वळलेला, आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घेणारा. फेटा नेहमी कडक, बोटे नेहमी रंगलेली. थिएटरबाहेरच्या फलकांसाठी आम्ही दोघे एकाच कापडावर काम करत होतो. चौकटीवर ताणलेला मांजरपाट, त्यावर सरसात कालवलेली पिवडी, काजळी आणि नीळ. चित्र त्याचे, मजकूर माझा. अक्षरेही तोच काढी. मूकपटांच्या काळात निम्मा फलक माझा असे. गावातला जो माणूस आमचे साप्ताहिक हातातही धरत नसे, तो तिथे मान वर करून माझे लिहिलेले वाची, किंवा दुसऱ्याकडून वाचून घेई. मला एवढा वाचक दुसरीकडे कुठेच नव्हता.

मग भुताखेतांचे चित्रपट येऊ लागले. त्यांचे फलक त्या वेळी सगळीकडे एकसारखेच असत. लाल जिभा, कवट्या, मोकळे केस. गिरणीची पाळी सुटली की लोक त्याखाली उभे राहून शेंगा खात आणि हसत. राजय्यानेही असे दोन-तीन रंगवले. नंतर एकदा त्याने एक साधे घर रंगवले. भिंत, कोनाडा, कोनाड्यात दिवा, आणि परातीपुढे बसलेली एक बाई. कापडाचा वरचा मोठा भाग नुसती काळपट पिवळी भिंत होती, तिच्यावर काहीच नव्हते. बाई मधोमध नव्हती. कोपऱ्यात, जणू चौकटीबाहेर जायला निघालेली. दिवा तिच्या डावीकडे होता आणि तिची सावलीही डावीकडेच पडली होती. बघणाऱ्याला काहीतरी खटके, पण काय ते सांगता येत नसे. आणि तिचे डोळे काढलेले नव्हते.

मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात. तोवर मूर्तिकार तिच्या तोंडावर फडके टाकून ठेवतो. त्या चेहऱ्याकडे बघायचे नसते. हे आमच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. राजय्या लहानपणी गणपती रंगवत असे. जो चेहरा बघायचा नसतो, तोच त्याने रस्त्यावर मांडला. तोही वर नाही. मालकांशी भांडून त्याने फलक खाली, चालणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीला लावून घेतला. गल्लीच्या वळणावर ती बाई एकदम हाताच्या अंतरावर येई.

त्या फलकासाठी मी दिलेला मजकूर ‘रक्त गोठवणारा’पासून सुरू होत होता आणि प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह होते. राजय्याने तो मालकांसमोर मला परत केला.

“ओ वार्ताहर, तुमचं अक्षर लई बोंबलतंय की. घाबरलेला माणूस गप असतो.”

मी म्हटले, चित्रपट कसला आहे ते लोकांना कळायला नको का?

“कळल्यावर कशाला येतील?”

मालक कानडीत काहीतरी बोलून पोट धरून हसले. फलकावर चित्रपटाचे नाव आणि खेळाची वेळ एवढेच राहिले. पुढच्या प्रत्येक फलकावर तेवढेच राहिले.

माझे घर त्याच गल्लीच्या पलीकडे होते. चार-दोन दिवसांनी लक्षात आले की माझी पत्नी मंडईतून तळ्याकडच्या लांबच्या वाटेने येते. विचारले, तर म्हणाली, त्या बाईसमोरून जाववत नाही. मी तिला सांगितले की ते कापड आहे, सरस आहे आणि पिवडी आहे. “माहितेय की,” ती म्हणाली, आणि पिशवी उतरवून ठेवली. मी आधीच्या फलकांवरच्या माझ्या ओळींबद्दल विचारले. तिने विचार करून उत्तर दिले.

“ते वाचून हसू येतं हो. तुम्ही रागावलात की असंच बोलता.”

पेठेतली जाणती माणसे तक्रार घेऊन मालकांकडे गेली. मालकांनी फलकावर गोणपाट टाकले. लोक गोणपाट उचलून आत बघू लागले. खेळ भरून जात होते. हे सर्व मी साप्ताहिकात दिले, राजय्याच्या नावासकट. मला त्याचा हेवा वाटत होता, आणि तो गेल्यावरही कमी झालेला नाही... मेलेल्या माणसाच्या हातून आता नवी चूक व्हायची शक्यता उरत नाही. जिवंतपणी एक सापडली होती. सावलीची. मी ती त्याला दाखवली, तेव्हा तो ब्रश धूत होता. मान न वळवता म्हणाला, “तुम्हाला दिसली न्हवं? मग चुकली न्हाय.”

तो गेल्यावर मालकांनी मला थिएटरमागच्या त्याच्या कामाच्या खोलीत बोलावले. शेवटचा फलक भिंतीला टेकवलेला होता. रिकामे अंगण, अर्धवट उघडे दार, एकही माणूस नाही. खाली खडूने चार ओळी आखलेल्या. त्या बाईच्या फलकापासून त्याने मजकुराला इतकी जागा कधी सोडली नव्हती. मालकांनी विचारले, हे तुमच्यासाठी ठेवलंय का? मी राजय्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला विचारले. ताप येण्याआधी दोरी धरून त्याने ओळी आखल्या, तिनेच दोरीचे दुसरे टोक धरले होते. बोलला काहीच नाही, असे तिने सांगितले.

मी चार ओळी लिहिल्या. उद्गारचिन्ह एकही नाही. पत्नीला वाचून दाखवल्या, ती हसली नाही. बुधवारी मजकूर मालकांना दिला. अक्षरे काढायला बार्शीहून माणूस आणला होता. त्याने माझा कागद वाचला, चांगला आहे म्हणाला, मग फलकासमोर उकिडवा बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने ब्रश पुसून पेटीत ठेवला.

“ह्याला मी हात लावत न्हाय, मालक. हे पुरं झालंय.”

मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी कागद परत घेतला.

फलक शुक्रवारी लागला. चारही ओळी कोऱ्या आहेत. येणारे-जाणारे तिथे थांबतात. खडूच्या रेघा आज सकाळपर्यंत पुसलेल्या नव्हत्या.