सात वीत खिडकी

मिरज स्टेशनच्या फलाटावर आमच्या सामानाच्या ढिगात गोणपाटाचं एक चौकोनी गाठोडं होतं. आईने ते दाभणाने, सुतळीचे जवळजवळ टाके घालून शिवलं होतं. आत तिचं हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन होतं. दांडा वेगळा काढून, जुन्या चादरीत गुंडाळून तिने ते दोन दिवस आधीच बांधून ठेवलं होतं आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. हमाल बाकीचं सामान उचलत होता, आई मात्र त्या गाठोड्यावर हात ठेवून उभी होती.

श्रीकांतने, माझ्या नवऱ्याने, ते थोडं उचलून पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं. चिडला नाही, समजावणीच्या सुरात बोलला. तिकडे सगळं रेडीमेड मिळतं, सुरुवातीला कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये राहायचं आहे, हे जड धूड ठेवायचं कुठे. आई त्याच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी तीन वर्षांच्या अनुजाच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि वाकूनच म्हणाले, "पुढच्या खेपेला नेऊ."

गाडी सुटली तेव्हा माझे वडील, अण्णा, हात हलवत होते. आईचे दोन्ही हात गाठोड्याला धरून होते.

आमच्या घरात कापड कधी संपत नसे. साडी विरली की तिचे परकर होत, परकर विरले की उशांचे अभ्रे, अभ्र्यांची दुपटी, आणि सगळ्यात शेवटी दाराशी पायपुसणं. भाजीच्या पिशव्या, माझी झबली, दादाच्या चड्ड्या, अण्णांच्या वह्यांची कापडी वेष्टणं, सगळं त्या मशीनवर झालं. टेप होती, पण ती खणात असे, बाहेरच्या बायकांची पोलकी शिवायची असली तरच निघे. घरच्यांची मापं आई वितीने घेई. खांद्यावर अंगठा टेकवायचा, करंगळी पाठीवरून खाली ताणायची, पुन्हा अंगठा. फ्रॉक चार वीत, परकर पाच वीत. मी तिच्या पंजाला पंजा लावून पाहत असे. माझी बोटं एका पेराने कमी पडत. मग कधीतरी मी पंजा लावून पाहणं सोडून दिलं. तुम्हालाही आठवणार नाही तुम्ही ते कधी सोडलंत ते.

त्या वर्षांत परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याने श्रीकांतला दुप्पट पगार देऊ केला होता. रोज सकाळी कंपनीची बस त्याला मानेसरला नेई. मी सरकारी ग्रंथालयात होते, माझी बदली दिल्लीला झाली. गुडगावातून चार्टर्ड बसने मी दिल्लीला जाई. तेव्हा गुडगावच म्हणत. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता आणि पश्चिमेच्या खिडकीतून सरसोंची शेतं दिसत. शेतांच्या मधोमध बिल्डरांचे मोठे फलक उभे होते. त्यांवर हिरवळ, कारंजी आणि गोरी मुलं. आमच्याकडे पाणी टँकरने येई. दुपारी त्या खिडकीतून ऊन आणि धूळ दोन्ही घरात येत. ऊन संध्याकाळी जाई, धूळ राही.

मी हे आईला पत्रात लिहिलं. तिचं उत्तर आलं, "खिडकीचं माप कळव, पडदे शिवून पाठवते. टेप सापडत नसली तर वितीने मोज. आपल्याकडे तसंच चालतं." टेप खरंच सापडत नव्हती, निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. रविवारी सकाळी मी स्टुलावर चढले आणि वरच्या दांडीपासून खालच्या कट्ट्यापर्यंत मोजलं. सात वीत भरली. आंतर्देशीय पत्रावर लिहिलं, "उंची सात वीत."

महिन्याने पार्सल आलं. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, वर अण्णांच्या अक्षरात पत्ता. टाके इतके बारीक की उसवायला अर्धा तास लागला. आत दोन पडदे, मळखाऊ रंगाचं जाड सुती कापड, आणि दोघांनाही खालून आईच्या हिरव्या इरकलीचे काठ. ती साडी मी ओळखली. माझ्या शाळेच्या प्रत्येक बक्षीस समारंभात ती होती, असं दादा म्हणायचा. मी ते काठ गालाला लावले. मग पडदे दांडीवर चढवले आणि ते कट्ट्याच्या वीतभर वर थांबले.

पहिल्यांदा मला वाटलं, ठीक आहे. खालच्या फटीतून ऊन यायचं ते येत राहिलं. पण समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी एकदा साखर मागायला आल्या आणि हसून म्हणाल्या, "भाभीजी, पर्दे धुलने में सिकुड़ गए क्या?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्यानंतर घरी कुणी आलं की माझं लक्ष त्या फटीकडेच जाई. श्रीकांतच्या ऑफिसातले लोक जेवायला येणार होते, त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही कुणाच्या तरी मारुतीतून पानिपतला गेलो. अण्णा ते नाव नेहमी आवाज खाली आणून उच्चारत. आम्ही तिथे जाऊन पडदे, चादरी आणि दोन सतरंज्या घेतल्या, ढाब्यावर जेवलो आणि परत आलो. नवे पडदे कट्ट्यापर्यंत पोचले. आईचे मी घडी करून ठेवून दिले.

आईला मात्र मी पार्सल आलं त्याच आठवड्यात लिहून टाकलं होतं, "पडदे अगदी बरोबर बसले. घराला घरपण आलं." ते पत्र तिने गल्लीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, असं वहिनीने नंतर सांगितलं. एवढ्या लांबची खिडकी न पाहता शिवली आणि इंचाचा फरक पडला नाही, असं ती म्हणायची.

सहा वर्षं गेली. मिरजेला आम्ही एक वर्षाआड जायचो, तेही आठ दिवसांसाठी. प्रत्येक वेळी आईने मशीन पुसून ठेवलेलं असे आणि प्रत्येक वेळी सामान आधीच जास्त होतं. मग अण्णा गेले. त्या वर्षीच्या थंडीत दादा आईला आमच्याकडे सोडून गेला. ती पहिल्यांदाच येत होती. घरात आली, पाणी प्यायली आणि खिडकीकडे पाहून म्हणाली, "माझे पडदे ग?"

"धुवायला काढलेत," मी म्हणाले.

ते काढून लावायचं माझ्या मनात होतं. खरंच होतं. पण ऑफिसात पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती, आणि पडदे पलंगाच्या पेटीत कुठेतरी तळाशी होते. आई चार दिवस वाट पाहत राहिली. बाल्कनीतल्या दोरीकडे बघे, काही विचारत नसे. पाचव्या दिवशी तिला जास्तीची रजाई हवी होती म्हणून तिने स्वतःच पेटी उघडली. उन्हाळ्यात लागणारा टेबलफॅन धूळ बसू नये म्हणून मी कशात तरी गुंडाळून ठेवला होता. ते तिचे पडदे होते.

मी संध्याकाळी परत आले तेव्हा पडदे धुऊन, वाळवून, घडी करून तिच्या मांडीवर होते. पानिपतचे पडदे तिने बाजूला सारले होते. शेजारी अनुजा गृहपाठ घेऊन बसली होती. आईने स्टुलावर चढून खिडकी मोजली होती. त्या वयात, एकटीने.

"आठ वीत आहे," ती म्हणाली. "तू सात लिहिलं होतंस."

अनुजाने मान वर करून विचारलं, "आजी, वीत म्हणजे क्या?"

आईने पंजा ताणून दाखवला. संधिवाताने तिची बोटं आता पुरती सरळ होत नव्हती.

"अच्छा, हँड-स्पॅन! आम्हाला मॅथ्समध्ये होता. मॅम म्हणाल्या, सबका अलग होता है, म्हणून स्केलनेच मोजायचं."

आई हसली. "तुझ्या मॅमना कळलं ते तुझ्या आजीला नाही कळलं बघ." मग तिने माझा हात ओढून घेतला, त्याला आपला पंजा लावला आणि बराच वेळ पाहत राहिली. "तुझी वीत माझ्याहून मोठी झाली. मला कळायला हवं होतं."

तिने माझा हात सोडला नव्हता.

"बरोबर बसले असं का लिहिलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"लिहिलं असतंस तर पट्टी जोडून दिली असती ग. मशीनवर अर्ध्या तासाचं काम."

मशीन या शब्दानंतर ती थांबली. फलाटाबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही. मी म्हणाले, मार्केटमध्ये टेलर मास्टर आहेत, उद्या त्यांच्याकडे देते. ती म्हणाली, घरातलं काम बाहेर कशाला. उरलेल्या इरकलीचा तुकडा तिने पिशवीतून आणलाच होता. अनुजासाठी त्याचा परकर शिवायचा तिचा विचार होता. त्याच्या पट्ट्या काढून ती दुसऱ्या दिवसापासून हाताने जोडायला बसली.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. टाका दिसे, सुईचं नेढं दिसत नसे. म्हणून सकाळी बस पकडायच्या आधी मी सात-आठ सुयांत दोरा ओवून त्या उशीला टोचून ठेवत असे. संध्याकाळी येऊन पाहावं तर सगळ्या सुया रिकाम्या झालेल्या. काही दिवस दोनच रिकाम्या असत, तेव्हा कळे की आज तिला बरं नव्हतं. त्या वर्षी धुकं फार दिवस राहिलं. तिचा खोकला हटेना. एक पडदा पूर्ण झाला, दुसरा अर्ध्यावर आला, तेव्हा दादा तिला न्यायला आला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. अनुजाची परीक्षा होती, मला रजा उरली नव्हती.

"उन्हाळ्यात येऊन पुरा कर," मी म्हणाले. "आणि त्या वेळी मशीन आणू."

"सुई काढू नकोस त्यातली," ती म्हणाली. "कुठपर्यंत आलं ते कळत नाही मग."

उन्हाळ्याच्या आधीच ती गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्या दिवशी मी दादाला मशीनबद्दल विचारलं. आईने दिल्लीहून परत आल्यावर महिन्याभरातच ते पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीला देऊन टाकलं होतं, ती ब्लाउज शिवून घर चालवते. "तू काही न्यायची नव्हतीस ना," दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो फक्त सांगत होता.

आता मी निवृत्त आहे. त्याच फ्लॅटमध्ये आहोत, गावाचं नाव मात्र गुरुग्राम झालं. सरसोंची शेतं गेली, खिडकीसमोर पस्तीस मजल्यांचा टॉवर उभा आहे आणि दुपारचं ऊन आता तोच अडवतो. पडद्याची खरी गरज उरलेली नाही. दादाही गेला. मिरजेचं घर वहिनीने विकलं आणि ती मुलाकडे पुण्याला राहते. तिकडे राहिलेल्यांतलं पत्र लिहावं असं कुणी उरलं नाही.

गेल्या महिन्यात अनुजाने कॅनडातून व्हिडिओ कॉल केला. नवं घर घेतलंय तिने. फोन फिरवून तिने रिकाम्या भिंती दाखवल्या, मग एक मोठी उघडी खिडकी, बाहेर बर्फ. मी विचारलं, "उंची किती आहे ग खिडकीची?" ती म्हणाली, "अगं, ऑनलाइन ऑर्डर केलेत यार, मंडेला येतील. तू कशाला टेन्शन घेतेस?" मी म्हणाले, बरं.

घर म्हणजे काय, असं कुणी आता मला विचारलं तर मी एवढंच सांगेन की माझ्या खिडकीचं माप विचारणारं कुणीतरी दूरच्या गावात होतं, तोवर मला घर होतं. ते असताना मी त्याला खोटं कळवलं.

फोन ठेवल्यावर मी पेटीतून तो अर्धा पडदा काढला. सुई अजून होती तिथेच होती. गंजली होती, आणि तिच्याभोवती हिरव्या इरकलीवर तांबूस डाग पडला होता. ओढून पाहिली तर कापडच ओढलं जाऊ लागलं, म्हणून तशीच राहू दिली. तिच्यापासून बोटभर अलीकडे नवा दोरा घेऊन सुरुवात केली. माझ्या अंगठ्याचा सांधा आता दुखतो आणि मलाही नेढं दिसत नाही. फिरायला जायच्या आधी श्रीकांत सहा सुया ओवून उशीला टोचून जातो. परवा तो दाराशी थांबून म्हणाला, "मी तेव्हा ते गाठोडं उचलायला हवं होतं." मी मान हलवली आणि टाका घातला.

काल पट्टी पुरी झाली. माझे टाके तिच्या टाक्यांपेक्षा मोठे आहेत, कुठे बदलले ते लांबूनही दिसतं. पानिपतचे पडदे काढून हे दोन्ही लावले. कट्ट्याला अगदी टेकले. मग उगाचच दांडीपाशी अंगठा टेकवून खाली मोजत आले. बोटं ताणली जात नाहीत, तरी मोजलं. दोनदा मोजलं.

पडदे बरोबर बसले, आई. खिडकी आठ वीतच आहे.