गच्चीवरचं भातखाचर

शेत विकल्यापासून आमचे हे गच्चीवर यायचेच बंद झाले. माण गावातल्या आमच्या घराच्या गच्चीवरून आमचं भातखाचर दिसायचं, कडेची विहीर दिसायची. आता तिथं काचेची इमारत आहे. ह्यांचं बोलणंही आटलं. जेवायला हाक मारली की नुसतं "हं". मी चिडायची, भांडी आपटायची. माणूस घरात असून हरवला होता, दुसरं काय!

त्यात सिनेमावाले आले. गरीब जोडप्याची प्रेमकथा, म्हणे, आणि उठता-बसता गाणी. त्यांना भाड्याची खोली हवी होती. आमच्या वरच्या रिकाम्या खोलीला त्यांनी मोरपंखी रंग दिला, खिडकीला गुलाबी पडदे लावले. मी म्हटलं, "अगं बाई, गरिबाच्या घरात असलं कुटं असतंय?" दिग्दर्शक पोरगी हसली. "काकू, स्वप्नातलं घर आहे ते."

मग त्यांनी गच्चीवर भात लावलं. खरंच! प्लॅस्टिक अंथरून, चिखल पसरून त्यात हिरवीगार रोपं खोचली, वर पाणी सोडलं. हिरो-हिरॉइन त्यात अनवाणी नाचले. सिनेमात दोघांची नोकरी गेलेली, चूल गार, आणि ही बया गिरक्या घेतेय! मी जिन्यात बसून बघत राहिले. सगळं खोटं, पण डोळे निवले.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सामान गाडीत भरलं. भात तसंच राहिलं. मी खाली जाऊन ह्यांना म्हटलं, "वर चला."

"न्हाई."

"मग उचलून नेऊ का?"

ओठ जरासे हलले. आले मुकाट्यानं.

आभाळ केशरी झालं होतं आणि तेच गच्चीतल्या पाण्यात उतरलं होतं. वाऱ्यानं रोपं हळूहळू लवत होती. हे दारातच थांबले. मग चपला काढल्या, विजार वर दुमडली आणि पाण्यात उतरले. वाकून रोपांवरून हात फिरवला. मला काय सुचलं कोण जाणे, पदर खोचला, गाणं गुणगुणत एक गिरकी घेतली.

"पडशील, येडे!"

किती दिवसांनी माझ्याशी धड बोलले! जीव हरखला माझा. तेवढ्यात समोरच्या इमारतीत दिवे लागले. हे तिकडं बघत राहिले.

"आपली हीर तितंच व्हती गं," म्हणाले, आणि त्यांना हुंदका फुटला. विक्रीच्या कागदावर सही करतानाही हे रडले नव्हते.

मी 'उगी, उगी' म्हटलं नाही. चिखलातनं जाऊन त्यांचा हात धरला.

"रडा," मी म्हटलं. "एकटीनं रडून लई कटाळलीय मी."