सासऱ्यांच्या इंजिनाचं तेलपाणी

सासऱ्यांचं चावीचं इंजिन बंद पडण्यात माझा काही दोष नाही, असं मी तीन दिवस सगळ्यांना ठणकावून सांगत होते.

हे पत्र्याचं खेळण्यातलं इंजिन सासऱ्यांना एका गोऱ्या मडमेनं दिलेलं. दर नाताळात ते आमच्या गव्हाणीभोवती छोट्या रुळांवर फिरतं. सासरे सांगून गेले होते, जो हे चालतं ठेवेल त्याच्याकडेच ते राहील. नवरा होता तोवर तोच त्याचं तेलपाणी बघायचा. यंदा ते काम माझ्यावर आलं. तेवढ्यात शेवगावहून थोरल्या नणंदेचा, रूथताईंचा फोन. "नाताळाला येते. इंजिन पळत नसलं तर घेऊन जाईन."

मी चावी दिली. इंजिनानं करकर केली आणि ते थांबलं.

शामूभाऊजींना, म्हणजे धाकट्या दिराला बोलावलं. ते नागापूरला कारखान्यात जन्मभर फिटर होते.

"वहिनी, तेल घातलंय ना?"

"भरपूर."

भाऊजी इंजिन घरी घेऊन गेले. दुपारी फोन आला. "गच्चीवर उन्हात बसून बघितलं. काय बी झालं न्हाई त्याला. लई झ्याक पळतंय."

संध्याकाळी इंजिन परत आलं. मी खुशीनं आणखी चार थेंब सोडले. सकाळी (थंडी अशी की नळाला हात लावायची भीती) ते मुंगीएवढंही हललं नाही!

दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊजींकडे पळायचं, माझ्याकडे रुसायचं. मी प्रार्थना केली आणि आणखी तेल घातलं.

तिसऱ्या दिवशी भाऊजी गवंड्याची पाणसळ घेऊन आले. "तुमच्या फरशीला चढ आसंल." फरशी सपाट निघाली. रूळही सरळ निघाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुमी त्याला काय बोलता का?"

"तुम्हाला बोलते तेवढं न्हाई."

नाताळच्या सकाळी ताई आल्या. चावी दिली. करकर. त्यांनी इंजिन न्यायला पिशवी काढली. इतक्यात त्यांची नजर दारातल्या कट्ट्यावर गेली.

"मार्था, ती बाटली उन्हात कशाला?"

"खोबरेल हाय, ताई. गारठ्यानं थिजलंय. पातळ झाल्याबिगर केसाला कसं लावू?"

"आन् इंजिनात कंचं तेल घातलंस?"

मी बाटलीकडे बघितलं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"शिलाई मशीनचं संपलं हुतं," मी म्हणाले.

भाऊजींनी इंजिन तिथंच उन्हात खोललं, रॉकेलनं धुतलं, आपल्या डबीतलं तेल घातलं. उपासनेहून परत येऊन चावी दिली, तर ते खोबऱ्याचा वास सोडत गव्हाणीभोवती पळायला लागलं.

ताईंनी पिशवीची घडी काही केली नाही.

"इंजिन राहू दे तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "बाटली मी नेते."

तेव्हापासून इंजिन बिनआवाज पळतं. करकर होते ती मी कोरडे केस विंचरायला बसले की.