सूर्यावरचा मळ

माजिवड्याच्या आमच्या सोसायटीतले एक आजोबा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण सदऱ्याच्या खिशातली, प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारी पितळी नळी काही निवृत्त झाली नाही. दिवा दिसला की नळी डोळ्याला. हायवेवरच्या पिवळ्या दिव्याला ते "सोडियम!" म्हणून ओळख देतात, एलईडीला मात्र नाक मुरडतात. कुणी काही ठामपणे सांगू लागला की म्हणतात, "आधी बघा, मग बोला."

रविवारी ते सोसायटीच्या मुलांना सूर्यप्रकाशाचा वर्णपट दाखवणार होते. आदल्या दिवशी मी हौसेने नळी मागून आणली आणि खिडकीतून आभाळ पाहिलं. रंगांच्या पट्ट्यात बारीक, उभ्या काळ्या रेघा! 'किती हा मळ,' म्हणत मी आतली रंग पाडणारी काच काढून भांड्यांच्या घासणीने घासली. रेघा गेल्या. रंगही गेले.

नळी परत देताना मी सगळं कबूल केलं. त्यांनी आधी नळीतून आभाळाकडे पाहिलं.

"अहो, नळीच्या फटीतल्या धुळीची रेघ आडवी पडते. या उभ्या रेघा म्हणजे सूर्यावरच्या वायूंनी गिळलेला प्रकाश. लोखंड, सोडियम, सगळ्यांच्या सह्या होत्या तिथे. तुम्ही सूर्य घासलात!"

रविवारी ते नळीऐवजी, रंग पाडायला खोक्याला जुनी सीडी चिकटवून घेऊन आले.

"आजोबा, तुमची नळी कुठंय?" एका मुलीने विचारलं.

"माझ्याच हातून पडली गं," ते म्हणाले.

आयुष्यभर बघितल्याशिवाय न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला! मी घाईघाईने खोक्याला डोळा लावला. आत पुसट काळ्या रेघा होत्या. मी हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले.