सपाटीवर लावलेला ट्रॅक्टर

पेडण्यात कोणाचा जुना ट्रॅक्टर सकाळी स्टार्ट घेईनासा झाला की मला बोलावणं येतं. मी पहिलं एकच विचारतो. आदल्या दिवशी गाडी कुठे लावली होती, उतारावर की सपाटीवर? लोक म्हणतात, म्हाताऱ्याला वेड लागलं. लागू दे. त्या प्रश्नाची किंमत दोन माणसं आहे.

माझं पोस्टिंग तेव्हा उत्तरेच्या एका चौकीवर होतं. मी नायक, व्हेईकल मेकॅनिक. शाळा चौथीपर्यंत. काम पुस्तकातून नाही, हाताने शिकलो, आणि मॅट्रिक झालेले फिटर मला विचारायला यायचे. हे मी फुशारकीने सांगत नाही. सांगतोही.

आमच्या चौकीपासून पुढची पोस्ट तीन किलोमीटर. मध्ये दगडगोट्यांचा नाला. त्यात जीप अडकायची, म्हणून मोडीत निघालेला एक शेतीचा ट्रॅक्टर आम्हाला दिलेला. मागे ट्रॉली. रोज सकाळी साडेपाचला, धुकं असेपर्यंत, पुढच्या पोस्टला पाणी आणि रेशन पोचवायचं. धुकं उठलं की नाला समोरच्या टेकडीवरून दुश्मनाला उघडा दिसतो.

ड्रायव्हर शिपाई पुंडलीक गांवकर, डिचोलीचा. भरतीआधी खाणीवर टिप्पर चालवायचा. खाणीवरच्या ड्रायव्हरांची रीत अशी की गाडी नेहमी उतारावर लावायची, तोंड खाली, चाकाला दगड. सकाळी दगड काढला की गाडी आपसूक उतरते आणि स्टार्ट होते, ढकलावी लागत नाही. गांवकर ट्रॅक्टर तसाच लावायचा. सकाळी इंजिन धरलं नाही, म्हणजे सुरू झालं नाही, असं कधी झालं नाही.

एक दिवस सुभेदार साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मेकॅनिक हो, या ढलान ढूँढने वाले हो?"

जवान हसले. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्टर खोलला. फिल्टर बदलला, वॉशर बदलले, बॅटरी चार्ज केली, टर्मिनल घासले. दुपारी दोन वाजता सुभेदार साहेबांना बोलावून तीन वेळा स्टार्ट करून दाखवला. तिन्ही वेळा एका झटक्यात. रजिस्टरमध्ये 'फिट' लिहून सही केली. संध्याकाळी पाचला गांवकरला सांगितलं, आजपासून गाडी लंगरासमोर, जवानांच्या स्वयंपाकघरापुढे, सपाटीवर लागेल.

"उस्ताद, सपाटीर हो फाल्यां सकाळीं स्टार्ट घेवचो ना." उद्या सकाळचं तो आजच सांगत होता.

"हें खाणीचें मायन न्हय, आर्मी. लाय थंय."

त्याने लावला.

पहाटे ५:१० ला पुढच्या पोस्टवर शेल पडला. ५:१२ ला रेडिओ.

"दो कॅज्युअल्टी. गाडी जल्दी भेजो. ओव्हर."

"गाडी आ रही है. आउट."

५:१५ ला गांवकर सीटवर होता. स्टार्टर फिरला. इंजिन धरेना. सायलेन्सरमधून धूर नाही. धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही, हे पोरसवदा हेल्परही सांगेल. पण डिझेलची लाईन मी स्वतः आदल्या दिवशी केलेली. म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. मी म्हटलं बॅटरी.

गांवकर खाली उतरला, पाना घेऊन फिल्टरवरच्या स्क्रूला लावला. "उस्ताद, हवा धरल्या. पयली हवा काडुया."

मी त्याचा हात झटकला. "मेकॅनिक कोण? तूं काय हांव? सीटवर बस."

तो बसला. दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून आणायला वीस मिनिटं गेली. ती लावली. स्टार्टर जोरात फिरला. धूर नाही. आठ जवानांनी धक्का मारला. धूर नाही. रेडिओवर पुन्हा आवाज आला, गाडी कुठे आहे.

५:४० ला मी तो स्क्रू ढिला केला. नुसता फेस. हातपंप मारत राहिलो. फेस संपून सलग डिझेल यायला सात मिनिटं लागली. स्क्रू आवळला. ५:४८ ला इंजिन सुरू झालं.

तोवर धुकं उठलं होतं.

गांवकरने नाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत आल्यावर गाडी कुठे लावायची ते हसून सांगितलं, "येतकच उतारार लायतां हां, उस्ताद."

"सपाटीरच लाय," मी म्हटलं.

त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं ते.

६:०१ ला नाल्यात मॉर्टर पडला. आम्ही पोचलो तेव्हा गांवकर स्टिअरिंगवर पडलेला होता. इंजिन चालू होतं. मीच ते बंद केलं.

त्या दिवशी दुपारी मी एकट्याने डिझेलचा पाईप काढला. नटाखाली केसाएवढी चीर. बाहेर थेंब येत नाही, आत हवा जाते. त्या ट्रॅक्टरची टाकी मागे सीटखाली. तोंड उताराला असलं की टाकी वर राहते, डिझेल पंपाशी टिकतं. सपाटीवर रात्रभर उभा राहिला की डिझेल मागे टाकीत उतरतं. दुपारच्या तीन स्टार्टमध्ये हे कळणार कसं? गार इंजिनाचा रोग मी गरम इंजिनात शोधला. नवा पाईप बसवला. जुना वाकवून संडासाच्या खड्ड्यात टाकला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजर साहेबांनी विचारलं, "गाडी फिट थी?"

"फिट थी, सर."

"ड्रायव्हर ने कुछ बताया था?"

"नहीं, सर."

कागदावर आलं, ड्रायव्हरने गाडी तयार ठेवण्यात हयगय केली.

सुट्टीत डिचोलीला गेलो. गांवकरच्या बायकोने चहा आणि उंडो पाव पुढे ठेवला. त्याचा बाप जन्मभर खाणीवर ट्रक चालवलेला. गाडी सपाटीवर होती हे त्याला कळलेलं. त्याने माझ्याकडे रोखून बघितलं.

"म्हजो पूत गाडी सपाटीर लायनासलो. कोणें लावंक लायली?"

"म्हाका खबर ना," मी म्हटलं. चहा संपवला आणि म्हापशाची बस पकडली.

बाप गेला. गांवकरची बायकोही गेली. डिचोलीत अजून म्हणतात, पुंडलीक धाडसी, पण कामात ढिला. माझ्याबद्दल कोणी काही म्हणत नाही. मला पेडण्यात स्वातंत्र्यदिनाला खुर्ची देतात, मी बसतो.

हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. शुद्धलेखन कोणी सुधारलं तर हरकत नाही, मजकूर बदलू नये.

लान्स नायक बलबीर, पुढची पोस्ट. मांडीत स्प्लिंटर. ५:५५ पर्यंत जिवंत होता, गाडीची वाट बघत. दुसरा जखमी वाचला.

शिपाई पुंडलीक गांवकर, ड्रायव्हर. बिघाड त्याने आदल्या संध्याकाळी सांगितला, सकाळी पुन्हा सांगितला. गाडी सपाटीवर लावण्याचा हुकूम माझा होता. उजेडात नाल्यात उतरायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो आपण होऊन गेला.

हयगय त्याची नव्हती.